स्वतःचीच आई असलेली पोफळ

दिवेआगर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय आई,

पाकिटावरचं नाव वाचून तू आधी हिरामणमामाकडे पाहिलं असशील, मग पाकीट उलटसुलट करून बघितलं असशील. घाबरू नकोस, पत्र तुलाच आहे. 'श्रीमती कोकिळा' असं मी मुद्दाम ठळक लिहिलंय आणि रितेशला बजावलंय की दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. तुझ्याशी फोनवर बोलून मी थकले. 'जेवलीस का, वाडीला पाणी लागतंय ना' एवढं विचारतेस आणि फोन मामाच्या कानाला लावून मोकळी होतेस. मामा बिचारा मला हवापाणी सांगत बसतो. पत्र मात्र तुला टाळता येणार नाही. पावाभोवती गुंडाळून आलेला पेपरचा तुकडासुद्धा सरळ करून वाचणारी बाई तू, लेकीचं पत्र अर्धं टाकशील होय! शिमग्याला चार दिवस जाऊन येते म्हणून काशीदला गेलीस ती दिवाळी उलटली तरी परतली नाहीस. तू घरी यावंस असं मला वाटतं, ते काही मी लपवत नाही. पण आजच एवढ्या घाईने का लिहायला बसले ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर मधलं तू वाचायची नाहीस.

घर ठीक आहे. पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या शनिवार-रविवार भरतात. माझे मोदक अजून फुटतात, तरी पुण्याची माणसं 'ऑथेंटिक' म्हणून खातात आणि फोटो काढतात. मांजरी तुझ्या पाटावर झोपते, कुणाला बसू देत नाही. माझी नोकरी घरबसल्या चालू आहे, वीज असली की मी पडवीत आणि नसली की बोर्लीला रितेशच्या दुकानात. रितेशने म्हणजे आपल्या दादूकाकाच्या थोरल्याने आता रोपांचा धंदा चांगला वाढवलाय. वाडीवाल्यांच्या सोसायटीची रोपवाटिका तोच बघतो. आणि त्याच रोपवाटिकेच्या पायी माझ्या मागे जे काम लागलं, त्याबद्दल तुला सांगायचंय. कंटाळू नकोस, पुढे त्यात तू आहेस.

झालं असं की वादळानंतर गावात जिकडून मिळेल तिकडून पोफळीची रोपं आली, हे तुला माहीतच आहे. कुणी श्रीवर्धनहून आणली, कुणी मुरुडहून, कुणी शेजाऱ्याच्या वाचलेल्या झाडाखालची उचलली. आता ती झाडं फळाला यायला लागली तशी भांडणं सुरू झाली. कुणाची धरतात, कुणाची नुसती वाढतात. ज्यांची धरत नाहीत ते रितेशच्या दारात येतात आणि विचारतात, हे रोप कुठल्या झाडाचं दिलंस, त्याच झाडाची अजून कुणाकुणाला दिलीस. रितेश डोकं खाजवतो. मग सोसायटीने ठरवलं की गावातल्या प्रत्येक पोफळीची नोंद करायची, तिची आई कोण, तिची रोपं कुठे गेली. आणि गावात कॉम्प्युटर येणारी रिकामी मुलगी कोण, तर मी. नोकरी करते हे कुणी धरतच नाही, कारण मी घरात बसून असते.

मी आधी साधा मार्ग धरला. माहिती ठेवायची जी नेहमीची पद्धत असते ती म्हणजे कोष्टकं. आडव्या ओळी, उभे रकाने. एका ओळीत एक झाड. रकाने कुठले, तर झाडाचं नाव, कुणाच्या वाडीत आहे, कधी लावलं, आणि शेवटी 'आई कोण'. रितेशची पावतीपुस्तकं, रोपांची विक्री, सभासद, सगळं असंच कोष्टकात छान बसलं. आपल्या खोल्यांचं बुकिंगही मी तसंच ठेवते. ज्याला त्याला ठरलेलं घर, गोंधळ नाही. पण नातं विचारलं की ही पद्धत कुथायला लागते. एका झाडाची आई सांग म्हटलं तर पटकन सांगते. आईची आई विचारली की पुन्हा सगळं कोष्टक चाळते. तिचीही आई विचारली की पुन्हा पहिल्यापासून. नाती कशी सांगावीत ते तुला विचारावं. तांदूळ निवडता निवडता तू एक नाव धरतेस आणि सुटतेस, बोर्लीच्या शिवानीची नणंद काशीदला, तिची जाऊ म्हसळ्याची, तिचा भाऊ आपल्या दादूभावजींच्या… पोचलीस मुक्कामाला. तू कधी यादी चाळत नाहीस, एकीचा हात धरून दुसरीकडे जातेस.

पण तेव्हा मला एवढं सुचलं नव्हतं. मी कोष्टकावरच सगळं उभारलं आणि बोर्लीला सोसायटीच्या सभेत भिंतीवर पडदा लावून दाखवायला घेतलं. बाबाजीअण्णा अध्यक्ष म्हणून मधोमध बसले होते, पायात नवे बूट घालून. मी म्हटलं, कुठलंही झाड सांगा, मी त्याचं कूळ काढून दाखवते. अण्णांनी मोठ्या मानाने तुझ्या-माझ्याच वाडीतल्या झाडाचं नाव घेतलं, 'विहिरीवरची'. गावात निम्म्या वाड्यांत तिची रोपं आहेत, तेव्हा तेच नाव येणार. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, विहिरीवरची. तिची आई विहिरीवरची. तिची आई विहिरीवरची. तिची आई… असं खाली खाली जे सुरू झालं ते थांबेचना. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शेवटी लॅपटॉप तापून बंद पडला. अण्णा चष्मा काढून म्हणाले, "आगो राही, ही त सोताचीच आय हाय व्हय?" सभा अशी हसली की चहावाला आत डोकावून गेला. मी हसले नाही. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत रितेशशी एक शब्द बोलले नाही. नोंद त्याने भरली होती ना!

राग जिरल्यावर मी दुसरी पद्धत जोडायला घेतली. तिला ग्राफ डेटाबेस म्हणतात. नावाला भिऊ नकोस. त्यात रकाने नसतात. प्रत्येक झाड म्हणजे एक ठिपका आणि दोन झाडांचं जे नातं असेल ती त्यांच्यामधली रेघ. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे रेघेलाही नाव देता येतं. 'हिचं रोप' अशी एक रेघ, 'हिच्या शेजारी' अशी दुसरी, तुला हवी ती. एका ठिपक्याला कितीही रेघा असोत, त्याचं काही म्हणणं नसतं. कोष्टकं मी टाकून दिली नाहीत. पैसे, पावत्या, सभासद हे सगळं तिथेच बरं, तिथे काटेकोरपणा लागतो. नात्यांपुरता ग्राफ, हिशेबापुरती कोष्टकं, आणि दोन्हीकडे झाडाचा नंबर तोच, म्हणजे इकडून तिकडे जाता यावं. दोन चुली झाल्या तर जेवण दोनदा करावं लागतं तसं थोडं होतं, एकीकडे बदललं की दुसरीकडे बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. पण चालतं.

सगळी झाडं ठिपक्यांत आली आणि मी 'विहिरीवरची' उघडली. बाकीची झाडं फांद्यांसारखी पसरली होती, आई, तिची रोपं, त्यांची रोपं. आणि विहिरीवरचीच्या ठिपक्यातून एक रेघ निघून गोल फिरून परत त्याच ठिपक्यात शिरली होती, कानातल्या बाळीसारखी. कोष्टकात ही चूक दिसतच नव्हती, तिथे ती एक साधी ओळ होती. इथे ती डोळ्यांसमोर लटकत होती. मी रितेशला बोलावलं, हे काय केलंस म्हणून. तो शांतपणे म्हणाला, यात चुकलं कुठे? विहिरीवरची वादळात पडली, तिच्या आळ्यात तिचं रोप लावलं, म्हणून तीच विहिरीवरची. आणि ते रोप विहिरीवरचीचं, म्हणून आई विहिरीवरची. आई, आपल्याकडे तसंच तर आहे. नाव आळ्याला असतं. झाड पडतं, त्या जागी दुसरं उभं राहतं, आणि ते आपोआप आधीच्याच नावाने ओळखलं जातं. कुणाला काही बदलावं लागत नाही. सोयीचं असतं.

सोयीचं असतं हे वाक्य मनात आलं आणि मी लॅपटॉप मिटवून विहिरीवर जाऊन बसले. मला तुझं लग्न आठवलं. मी सहा वर्षांची होते, पण मुरुडच्या देवळातलं ते ताट मला लख्ख आठवतं. ताटात तांदूळ पसरलेले, बाबांच्या हातात अंगठी, नवरीचं नाव लिहायची वेळ आली आणि मोठी आत्या म्हणाली, नाव सगुणाच राहू दे. पोरीच्या शाळेत आईचं नाव सगुणा आहे, रेशनकार्डावर सगुणा आहे, हाका मारायची सवय सगुणाची आहे. बाबांनी खाली मान घालून तेच लिहिलं. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या तांदळात ती पुन्हा उमटली, तू मात्र काशीदहून निघालेली कोकिळा त्या ताटातच पुसली गेलीस. मी तुला 'काशीदची आई' म्हणायचे, आठवतं? आत्याने दटावलं तेव्हा तू मला मांडीवर घेऊन म्हणाली होतीस, म्हणू दे तिला. पण पुढे मीही नुसतं आई म्हणायला लागले, आणि गावाला तर वाटायलाच लागलं की या घरात सगुणा एकच.

म्हणून दादूकाकाने ती चूक केली. बाबा गेल्यावर वारसांची नोंद करायला त्याने ट्रंकेतले कागद काढले, त्यात सगुणाच्या मृत्यूचा दाखला निघाला, त्याने तो निमूटपणे जोडून दिला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. कागद होऊन आला आणि पडवीत चहा पिताना त्याने तो मोठ्याने वाचला. मुलगी राही. पत्नी सगुणा, मयत. सगळे हसले. पहिली तू हसलीस. "म्हंजे मी भूतच की आता," म्हणालीस, आणि सगळ्यांच्या कपबश्या गोळा करून आत गेलीस. नंतर पुष्कळ वेळ नळ चालू होता. शिमगा जवळ आला तशी तू पिशवी भरलीस. मला वाटत होतं तुला बाबांशिवाय घर खायला उठतं, म्हणून गेलीस. त्या दिवशी विहिरीवर बसले असताना मला समजलं की ज्या घरात आपण कागदावर मेलेलो आहोत तिथे भात कसा शिजवायचा, हे तुला कळेना झालं होतं. कुणावर चिडावं तर कुणी वाईट वागलेलंही नाही. तेव्हा तू गेलीस. मी असते तर मीही गेले असते, फक्त जाण्याआधी बशा फोडल्या असत्या.

आता पोफळीकडे परत येते. ती रेघ काढून टाकायची तर नव्या झाडाची खरी आई कोण ते हवं. रितेश म्हणाला, विहिरीवरचीचंच रोप आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, तुझ्या बाबांनी. आणि बाबांना कुणी सांगितलं? ते त्याला माहीत नव्हतं. मला होतं. कारण लॉकडाउनमुळे वादळाच्या त्या जूनमध्ये मी घरीच होते आणि ते ऐकायला मी तिथेच उभी होते.

वादळ गेलं त्यानंतरचे ते दिवस तू विसरली नसशील. वाडीत आत शिरायला वाट नव्हती, एकावर एक आडवे माड आणि पोफळी. बाबा विहिरीवरचीच्या तुटलेल्या खोडावर जाऊन बसायचे आणि जेवायलाही घरात यायचे नाहीत. ती माझ्या आईने लग्नानंतर लावलेली, हे त्यांनी कधी तुझ्यासमोर उच्चारलं नव्हतं, पण तू काय अजाण होतीस? मामाकडची खबर लागत नव्हती, फोन मेले होते, म्हणून तू कुणाच्या तरी टेम्पोतून लांबच्या वळशाने काशीदला गेलीस. परत आलीस ती गोणपाटात गुंडाळलेली रोपं घेऊन. ती तू आगराच्या कडेने लावलीस. त्याच संध्याकाळी एक रोप विहिरीवरचीच्या आळ्यात लावलंस आणि बाबांना म्हणालीस, "ही तिचीच हाय. मागच्या पाटाला मी लावून ठेवली होती, वाचली ती." बाबांनी मान वर केली, उठले, आणि वादळानंतर पहिल्यांदा घरात येऊन जेवले. मीही ते खरं मानलं. आता सहा वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की मागच्या पाटाला तिची जी रोपं होती त्यांच्यावर माड पडला होता. तो ओंडका रितेशने आणि मी ओढून काढला होता. खाली सगळ्या रोपांचा चिखल झाला होता, मी स्वतः तो खताच्या खड्ड्यात नेऊन टाकला. एकही वाचलं नव्हतं, आई.

तरी खात्री करावी म्हणून मी बाबांचा पानाचा डबा काढला. त्यात जुन्या विहिरीवरचीची एक सुपारी आहे, ती ते कधी फोडत नसत. बसकी, गोल, लाडवासारखी. आणि आता नवीने पहिला घड धरलाय, त्यातली गळालेली एक मी सोलून शेजारी ठेवली. ती लांबट आहे, एका अंगाने टोक आलेलं. मामाच्या अंगणात वाळत घातलेली असते तशी अगदी. लहानपणी तिथे मी त्यांची बोटं करून खेळत असे. म्हणजे इतकी वर्षं सारा गाव ज्या झाडाकडे बोट दाखवून 'सगुणाचं झाड कसं परत उभं राहिलं' म्हणतो, ते तुझ्या माहेरचं आहे, आणि तू ते एकदाही बोलली नाहीस. नाव दिलंस, झाडही दिलंस. तुझा मला इतका राग आला आणि इतकं प्रेमही की काय करावं ते न सुचून मी सगळा डबा घासून लख्ख केला.

मग मी कामाला लागले. दोन ठिपके केले. एक जुनी विहिरीवरची. तिला पुसलं नाही, रितेश पडलेल्या झाडांची नोंद काढून टाकत होता ते बंद करायला लावलं. पडलं तरी झाड होतंच, त्याची रोपं उभी आहेत, त्यांनी आई कुठली सांगायची? नुसतं 'पडली' एवढं लिहायचं. दुसरा ठिपका नव्या झाडाचा. तिला स्वतःचा नंबर. सोसायटीत नियम करून टाकला की नंबर झाडाला मिळेल, आळ्याला नाही, आणि एकदा दिलेला नंबर दुसऱ्या झाडाला कधी द्यायचा नाही. अण्णांनी त्यावर अर्धा तास भाषण केलं जणू त्यांनाच सुचलं होतं. आणि दोघींच्या मधे मी वेगळी रेघ घातली, 'हिच्या जागी लावली'. 'हिचं रोप' ही रेघ निराळी. कोष्टकात एकच रकाना होता म्हणून दोन्ही गोष्टी एकात कोंबल्या जात होत्या आणि कॉम्प्युटर वेडा होत होता. आता त्याला काही अडत नाही. बाळी गेली.

सवयीने मी तपासायला म्हणून आपल्याच घराचे ठिपके मांडले. बाबा, सगुणा, कोकिळा, राही. तुझं नाव टाइप करताना लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच ते लिहितेय. सगुणाकडून माझ्याकडे रेघ घातली, 'जन्म'. मग तुझ्यात आणि तिच्यात 'हिच्या जागी' अशी रेघ घातली आणि बघत बसले. ती रेघ मला सहन होईना. तापात रात्रभर माझं कपाळ पुसलंस ते काय कुणाच्या जागी? मी अकरावीत नापास झाले तेव्हा बाबांच्या आणि माझ्या मधे उभी राहिलीस ती कुणाच्या जागी? ती रेघ मी काढून टाकली. तुझ्याकडून सरळ माझ्याकडे एक घातली आणि नाव दिलं 'आई'. सगुणाच्या रेघेला त्याने काही धक्का लागला नाही, ती आपल्या जागी आहे. दोन्ही राहतात. मला कुणी आधी सांगितलं असतं की दोन्ही राहतात, तर मी लहानपणी तुझ्यावर रुसण्यात एवढा वेळ घालवला नसता. वारसांच्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्जही दिलाय, तुझ्या लग्नाची मुरुडला छापलेली पत्रिका मामाकडून मिळवली, तिच्यावर 'कोकिळा' आहे. दादूकाका स्वतः चारदा कचेरीत जाऊन आला, शरमेने त्याची मिशी खाली आलीय. आता तू जिवंत आहेस हे दाखवायला तेवढं तू स्वतः यायला हवं, त्याला माझ्याकडे कुठलाही डेटाबेस नाही.

आता आजच का लिहिलं ते सांगते. नव्या झाडाचा पहिला घड पिकलाय, केशरी झालाय. घड उतरवणारा रघू सकाळी दोर कमरेला बांधून आला होता. आपल्या वाडीत पहिला घड टाकत नाहीत, दोराने उतरवतात आणि जिने रोप लावलं तिने तो पदरात घ्यायचा, हे तुला सांगायला नको. रघूने चढण्याआधी विचारलं, कोण घेणार? मी म्हटलं, थांब, ती काशीदला आहे. तो दोर सोडून निघून गेला, आणि मी झाडाखाली उभी असताना मला बाबांचं एक बोलणं आठवलं. ते जाण्याआधीच्या उन्हाळ्यात या झाडाला पहिली फुलं आली आणि सगळी गळून गेली. मी हळहळले तेव्हा बाबा झाडावर हात ठेवून म्हणाले होते, "काशीदची झाडं उशिरा धरतात, पण धरली की सोडत न्हाईत. घाई करू नको तिला." म्हातारपणी काहीतरी बोलतात असं समजून मी विसरूनही गेले होते. आई, त्यांना माहीत होतं. बहुधा पहिल्या संध्याकाळपासूनच माहीत होतं, आणि तरी ते उठून जेवायला आले, आणि रोज त्याच झाडाला पहिलं पाणी घालत राहिले. हे तुला फोनवर सांगता येईना म्हणून हे पत्र. नव्या झाडाच्या आईची रेघ मी अजून घातलेली नाही, मामाच्या आगरातल्या कुठल्या पोफळीखालून ते रोप उचललंस ते विचारून, बघून ये. झाडाचं नाव मात्र मी घालून टाकलं, तुला न विचारता. 'काशीदची' असं आहे. घड फार दिवस थांबणार नाही. आगरदांड्याहून दुपारची फेरीबोट धर, जुना सुती पदर घेऊन ये, नव्याला डाग पडतील.

दिघीच्या जेट्टीवर तुझी वाट बघत उभी राहणारी,
तुझीच,
राही